बाईंचा हातगुण

तो दिवस इतका साधा होता की तो लक्षात ठेवावा असं कोणालाही वाटलं नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीत कबुतर बसलं होतं, बेसिनचा नळ नेहमीसारखा ठिबकत होता आणि बाई काम करता करता गुणगुणत होत्या. मी टेबलावर एका काचेच्या बशीत पडून माझी पाळी यायची वाट पाहत होतो.

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तसा नाही. मी बोटाच्या पेराएवढी एक कांडी आहे आणि माझ्या अंगावर पांढऱ्या, गुळगुळीत प्लास्टिकचं कातडं आहे. मला काचेच्या चंबूत तळाशी सोडतात आणि चंबू एका चपट्या यंत्रावर ठेवतात. बटण फिरवलं की यंत्राच्या पोटातला दुसरा चुंबक मला गरगर फिरवू लागतो. मी फिरलो की पाणी फिरतं. चमचा न घालता ढवळायची ही युक्ती आहे. रंगाने पांढरा आणि कामाने ढवळणारा, म्हणून बाईंनी माझं नाव ठेवलं होतं ढवळ्या.

त्या सकाळी बाईंसमोर पिवळं पाणी होतं. रंगांच्या आणि औषधांच्या कारखान्यांतून असं पाणी बाहेर पडतं. ते जमिनीत मुरलं तर वाईट. पण त्यातल्या पिवळ्या पदार्थावर नीट प्रक्रिया केली तर पाणी स्वच्छ दिसू लागतं आणि तापाच्या गोळीसाठी लागणारा कच्चा मालही हाती येतो. रंग घालवणारं औषध पाण्यात आधीच मिसळलेलं असतं. ते मात्र एकटं फार आळशी. पिवळ्या पदार्थाची आणि त्याची गाठ घालून देणारं कोणीतरी लागतं. त्याला उत्प्रेरक म्हणतात. बाई त्याला लग्न जुळवणारी आत्या म्हणायच्या. आत्या दोन्ही घरांत फिरते, लग्न लावून देते आणि स्वतः जशी आली तशी परत जाते.

ही आत्या बहुधा सोन्याची असते. बाईंनी मात्र लोखंड आणि कोळसा भाजून एक काळी भुकटी केली होती, आणि ती सोन्याशिवायच पाण्याचा रंग झरझर घालवत होती. सगळी प्रयोगशाळा खूश होती. एका कारखान्याचे लोक येऊन भुकटी बघून गेले होते.

प्रत्येक प्रयोगाच्या वेळी बाई थोडं पिवळं पाणी भुकटी न घालता शेजारच्या नळीत ठेवायच्या. ते पिवळंच राहिलं म्हणजे रंग भुकटीनेच घालवला याची खात्री. ही नळी नुसती स्टँडमध्ये उभी असायची. त्या दिवशी धुतलेली नळी सापडेना. बाईंनी ते पाणी चंबूतच ओतलं, सवयीने मला आत सोडलं आणि बटण फिरवलं.

मी फिरू लागलो. बाईंनी चहाचा कप उचलला. तो अर्धा संपला असेल नसेल, तोवर पाणी फिकं झालं, मग आणखी फिकं, आणि कप खाली ठेवेपर्यंत माझ्याभोवती नितळ पाणी होतं.

बाई चंबूकडे बघत राहिल्या. मग खळखळून हसल्या.

"अगं बाई! मग माझी भुकटी इतके दिवस काय झोपा काढत होती?"

शेजारच्या टेबलावरचे संशोधक धावत आले. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, कारण ते दिवसातून अनेकदा चष्मा शोधत असत.

"बाई, चुकून भुकटी पडली असेल तुमच्या हातून."

"पडली असती तर मला दिसली असती. तुमचा चष्मा कपाळावर आहे, तो खाली घ्या आणि तुम्ही बघा."

चष्मेवाल्यांनी चष्मा खाली घेतला आणि चंबूत वाकून बघितलं. बाईंनी मला बाहेर काढलं, धुतलं आणि उजेडात धरलं. माझ्या कातड्यावरचे जुने ओरखडे त्या नखाने चाचपत होत्या.

"काय लपवून बसलायस रे ढवळ्या?"

मित्रांनो, देवाशपथ सांगतो, मला काहीच ठाऊक नव्हतं.

बाई मला घेऊन तळघरात गेल्या. तिथे त्यांची लेक काम करत होती. तिच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होते, म्हणजे डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकं बारीक दाखवणारी, कपाटाएवढी उंच यंत्रं. वरच्या मजल्यावर कोणी धप्पकन खुर्ची सरकवली तरी त्यांची चित्रं हलतात, म्हणून त्यांना तळघरात ठेवलं होतं.

"बये, याचा एक फोटो काढून दे."

"कोणाचा?"

"ढवळ्याचा. आज याने भुकटीशिवायच पाण्याचा रंग घालवला. पासपोर्टसाठी हवाय."

"आई, तो चुंबक आहे! माझ्या यंत्रात चुंबक? सरळ जाणारे इलेक्ट्रॉन वाकडे पळतील. टीव्हीपाशी चुंबक नेला म्हणून तूच मला लहानपणी धपाटा घातला होतास."

"घातला होता. उपयोग झालेला दिसतोय."

"त्याला दाराच्या आतसुद्धा आणू नकोस."

"बरं बाई, मी आणि ढवळ्या उंबऱ्यावरच थांबतो. त्याच्या कातड्याचा नुसता पापुद्रा काढ. त्यात तर चुंबक नाही ना?"

"आज हॉस्पिटलचे नमुने आहेत. उद्या करू या?"

"उद्या तर उद्या. हा कुठे पळून जातोय? फिरतो तो जागच्या जागीच." बाईंनी दारातूनच मान लांब करून पडद्याकडे पाहिलं. "ते काळे ठिपके माझेच ना? कसे आहेत?"

"ठीक आहेत."

"ठीक म्हणजे पास की नापास?"

"ठीक म्हणजे ठीक, आई."

"डबा खाल्लास?"

"खाते."

"मुंगीच्या पायावरची लव दिसते तुला, आणि घड्याळ दिसत नाही."

लेक हसली. तिने मला एका छोट्या पिशवीत घातलं, पिशवी कोटाच्या खिशात टाकली आणि तो कोट अंगातून काढून बाहेर बोळातल्या खुंटीला अडकवला, कारण माझ्यासकट तो आत नेता येणार नव्हता. बाईंच्या चपलांचा आवाज जिना चढत वर गेला. गुणगुणणंही गेलं.

पुढचं सांगण्याआधी माझं मागचं आयुष्य सांगायला हवं, नाहीतर मी काय लपवून बसलो होतो ते तुम्हाला कळणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी राखाडी धातूची कांडी, मग तिच्यावर हे पांढरं कातडं, आणि मग लोहचुंबकत्वाची दीक्षा. एका खोक्यात आम्ही लहानमोठी पुष्कळ भावंडं होतो. चुंबकांच्या घरात गंमत असते. तोंड जुळलं की कोणी कोणाला सोडत नाही, आणि पाठ फिरवली की ढकलाढकल. प्रयोगशाळेत खोकं उघडलं तेव्हा आम्ही सगळे एकमेकांना घट्ट बिलगून बसलेले होतो. बाईंनी त्यातून मला सोडवलं. तेव्हा त्यांच्या केसांत एकही पांढरा नव्हता.

माझं पहिलं काम सोन्यात होतं, मित्रांनो. तोंडात बोट घालू नका. बाई सोन्याचं पाणी बनवायच्या. सोन्याचा फिकट पिवळा क्षार पाण्यात विरघळवून ते उकळत ठेवायचं, मी खाली जोरात फिरत राहायचं, आणि मग बाई त्यात एकदम दुसरा एक क्षार ओतायच्या, लिंबात जे आम्ल असतं त्यापासून केलेला. क्षणभर पाण्याचा रंगच जायचा. मग ते करडं व्हायचं, निळसर व्हायचं, जांभळं व्हायचं, आणि बघता बघता डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद. त्या लाल पाण्यात सोन्याचे असे कण तरंगत असायचे की केसाच्या जाडीत ते हजारोंनी बसावेत.

त्या वेळी लेक शाळेत होती. शाळा सुटली की ती इथे येऊन उंच स्टुलावर बसायची आणि पाय हलवायची. एकदा तिने विचारलं, "आई, सोनं तर पिवळं असतं. मग हे लाल कसं?"

"फार लहान झालं की लाजतं ते."

"खरं सांग ना."

"खरं मोठी झालीस की तू मला सांग."

आणि खरोखरच ती मोठी झाली, शिकली, आणि एक दिवस त्याच इमारतीच्या तळघरात तिची नेमणूक झाली. तिने आईला ते कधी समजावून सांगितलं का, मला माहीत नाही. बाईंना ते आधीपासून ठाऊकच होतं म्हणा.

त्या लाल पाण्याने पुष्कळ कामं केली. घरच्या घरी तपासणी करायची कागदी पट्टी असते ना, जिच्यावर थेंब टाकला की लाल रेघ उमटते? ती रेघ म्हणजे सोन्याचे कण रांगेत उभे राहिलेले असतात. पुष्कळ पट्ट्यांमधलं सोनं माझ्या फिरण्यातून गेलेलं आहे. कोणी त्या रेघेकडे बघून आनंदाने ओरडलं असेल, कोणी मटकन खाली बसलं असेल. मला त्यातलं काही बघायला मिळालं नाही, पण मी आपला मनात म्हणायचो, ही रेघ आमची.

दुसरं काम हॉस्पिटलचं. डॉक्टर रुग्णाच्या मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा पाठवायचे. त्याचा फार पातळ काप काढायचा. बाई आपल्या सोन्याच्या कणांना अशी प्रथिनं चिकटवायच्या, जी रोगाची जागा बरोबर हुंगून काढतात. ते कण त्या कापावर सोडले की जिथे रोग असेल तिथे जाऊन बसायचे, आणि लेकीच्या यंत्रात तिथे काळे ठिपके दिसायचे. आईने सोनं करायचं, लेकीने ते शोधायचं. ठिपके गोल आणि एकसारखे असले तरच डॉक्टरांना त्यांच्यावर भरवसा ठेवता यायचा. म्हणून प्रत्येक नव्या पाण्याच्या वेळी बाई वरून खाली फोन लावायच्या.

"कसे आहेत?"

"ठीक आहेत."

एवढंच. वर्षानुवर्षं हेच संभाषण. बाई फोन ठेवायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंस ढवळ्या? ठीक आहेत म्हणे." आणि खूश व्हायच्या. मला ते कौतुकच वाटायचं. लेकीचा स्वभावच तसा होता. मोजून बोलणारी.

इतरांचं सोन्याचं पाणी पुष्कळदा फसायचं. कोणी चंबू नळाच्या पाण्याने विसळायचा, कोणाच्या बोटाचा घाम आत जायचा. मग ते बिचारे कण घाबरून एकमेकांना मिठ्या मारायचे, लाल पाणी जांभळं पडायचं आणि तळाशी काळा गाळ बसायचा. बाईंचं पाणी कधी बिघडलं नाही. त्या प्रत्येक वेळी चंबू आणि मला आम्लराजाने धुवायच्या. आम्लराज हे असं जहाल मिश्रण आहे की त्यात सोनंसुद्धा विरघळतं. लोकांना ही मेहनत दिसायची नाही. ते म्हणायचे, "बाईंचा हातगुणच चांगला." कोणाचं पाणी बिघडलं की तो बाईंना हाक मारायचा, "बाई, नुसता हात लावून जा." बाई जाता जाता खरंच हात लावायच्या आणि म्हणायच्या, "आता साबणाने धू."

वर्षं गेली. उकळत्या पाण्यात फिरून फिरून, काचेवर आपटून आपटून माझ्या कातड्यावर बारीक चरे पडले. माझ्या बरोबरीचे चुंबक केव्हाच कचऱ्यात गेले होते. पुढे सोन्याचं पाणी एका मोठ्या कंपनीतून तयार येऊ लागलं, हॉस्पिटलसाठी बाईंनी केलेलं थोडं तेवढं उरलं होतं, आणि बाईंनी पिवळ्या पाण्याचं नवं काम हाती घेतलं. नव्या कामाला नवा चुंबक घ्यावा असं चष्मेवाले म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही.

"ढवळणं बदललं की निकाल बदलतो," त्या म्हणाल्या. "चुंबक एकच हवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

हा त्यांचा काटेकोरपणा होता, मित्रांनो. आणि भानगड नेमकी त्या काटेकोरपणातच दडली होती.

आता परत त्या बोळातल्या खुंटीकडे येऊ.

दुसऱ्या दिवशी ना बाई आल्या, ना लेक. बोळात पिण्याच्या पाण्याचं यंत्र आहे, त्यामुळे तिथे सगळ्या बातम्या येतात. बाईंनी सकाळी चहा ठेवला, जरा बसते म्हणाल्या, खुर्चीत बसल्या आणि मग उठल्या नाहीत. एवढंच मला कळलं. मी पिशवीत होतो, पिशवी खिशात होती, खिसा काळोखात होता.

लेक परत आली ती दुसरा कोट घालून. या कोटाकडे तिचं लक्षच गेलं नाही. खुंटीशेजारी लोखंडी कपाट होतं. वाऱ्याने कोट हलला तेव्हा मी खिशातल्या खिशात त्या कपाटाच्या पत्र्याला जाऊन चिकटलो आणि तसाच राहिलो. आयुष्यभर फिरणाऱ्याला स्थिर राहण्याची सवय नसते. पण गंमत म्हणजे तिथून सगळं ऐकू यायचं. वरच्या मजल्यावरच्या एका माणसाला घोरण्याचा त्रास होता आणि दुसऱ्याला बायकोच्या भावाचा. चष्मेवाल्यांचा चष्मा पाण्याच्या यंत्रावर राहिला होता हे त्यांच्याआधी मला माहीत होतं. त्यामुळे दिवस अगदीच वाईट गेले असं म्हणता येणार नाही.

मग एक दिवस बोळात निराळं बोलणं ऐकू आलं. प्रयोगशाळेचे प्रमुख आणि चष्मेवाले पाणी पीत उभे होते.

"बाईंची भुकटी चालतच नाही सर. सगळं त्यांच्यासारखंच करतोय. पाणी दिवसभर पिवळं ते पिवळंच."

"त्यांच्या हातून तर होत होतं."

"हो. म्हणजे, हातगुण…"

"हातगुण आपण बोलताना म्हणतो. कारखान्याला काय कळवू? हातगुण गेला म्हणून?" प्रमुखांनी पेला खाली ठेवला. "निकाल मागे घ्यावा लागेल. कळवायचं की संबंधित संशोधक हयात नाहीत आणि त्यांचे निकाल खात्रीलायक नाहीत."

चष्मेवाले पुटपुटले, "बाईंच्या बाबतीत हे बरं नाही वाटत."

"मला बरं वाटतंय का? दुसरं काय म्हणू, तुम्ही सांगा."

तेवढ्यात तळघराचं दार उघडलं. लेक दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

"खात्रीलायक नाहीत," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "सर, आईने आयुष्यभर चंबू आम्लराजाने धुतले. मला थोडे दिवस द्या."

"घ्या. पण कारखाना थांबलाय."

ते दोघे गेले. मग काहीतरी हाताला काम हवं म्हणून असेल, खुंटीवरचा जुना कोट धुवायला टाकावा असं लेकीच्या मनात आलं. तिने कोट ओढला. कोट येईना. खिसा कपाटाला धरून बसला होता.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही. पण धरून ठेवणं हे आम्हा चुंबकांचं जन्मजात काम आहे, आणि त्या क्षणी मी ते मन लावून केलं.

लेकीने खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. आईचं त्या दिवशीचं बोलणं तिला आठवलं असावं. मग जिना चढून थेट चष्मेवाल्यांच्या टेबलाशी गेली.

"पिवळं पाणी आहे?"

"आहे की. इथे सगळं पिवळंच आहे."

तिने चंबूत पाणी ओतलं, मला आत सोडलं आणि बटण फिरवलं. किती दिवसांनी फिरत होतो मी! चष्मेवाले म्हणाले, "अहो, भुकटी टाकायची राहिली."

"राहिली नाही. टाकायचीच नाही."

"मग काय होणार आहे?"

"बघा तरी. आणि चष्मा डोळ्यांवर घ्या."

पाणी फिकं झालं. आणखी फिकं झालं. नितळ झालं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"त्या दिवशीही असंच झालं होतं," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं, बाईंच्या हातून भुकटी पडली असेल. हे… हे काय आहे?"

"हा आईचा हातगुण," लेक म्हणाली, आणि तिने मला चंबूतून काढून तळहातावर घेतलं.

चष्मेवालेही तिच्यामागून खाली आले. बोळात, कपाटाशेजारच्या टेबलावर तिने धारदार पात्याने माझ्या कातड्याचा एक पापुद्रा सोलला, जिथे सर्वांत खोल चरे होते तिथला. मला दुखलं नाही. उलट पाठीला खाजवल्यासारखं वाटलं. मग तिने तो पापुद्रा समोरच्या एका लहान यंत्रात ठेवला. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकात ठेवण्याआधी त्यावर धातूचा अगदी पातळ मुलामा चढवावा लागतो, नाहीतर चित्र नीट येत नाही. हे काम ती रोज करायची. हात सवयीने बटणाकडे गेला.

आणि थबकला.

त्या यंत्रात मुलामा कसला असतो, सांगा बघू? सोन्याचा! आणखी क्षणभराने तिने बटण दाबलं असतं, तर माझ्या चऱ्यांत काही असलं तरी ते सोन्याखाली गाडलं गेलं असतं, आणि काहीही विचारलं तरी यंत्राने "सोनं, सोनं" असंच उत्तर दिलं असतं.

लेक हात मागे घेऊन हसायला लागली. बाई गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं, अगदी बाईंसारखं, खळखळून.

"काय झालं?" चष्मेवाले घाबरले.

"काही नाही. आई असती तर धपाटा घातला असता." तिने यंत्रातली सोन्याची चकती काढून ठेवली आणि कोळशाचा मुलामा चढवला. मग पापुद्रा घेऊन ती आत गेली. मला दाराबाहेर कपाटालाच चिकटवून ठेवलं होतं, नियम म्हणजे नियम. पण दार उघडं होतं.

बराच वेळ नुसती यंत्राची घरघर. मग चष्मेवाल्यांचा आवाज आला.

"हे पांढरे ठिपके काय आहेत?"

"प्लास्टिकपेक्षा जड काहीतरी. दुसऱ्या यंत्रात जड ते काळं दिसतं, यात पांढरं. थांबा, कसलं आहे ते यंत्रालाच विचारते."

पुन्हा घरघर.

"सोनं," लेक म्हणाली.

"पण आम्लराजाने धुतलं होतं ना?"

"वरचं धुतलं जातं. इतक्या बारीक चऱ्यांच्या तळाशी आम्लराज पोचत नाही. पिवळं पाणी मात्र जोरात फिरताना पोचतं, थोडं थोडं. आणि इतक्या बारीक सोन्याला तेवढं पुरतं."

असं आहे मित्रांनो. माझ्या अंगात कधी काळी ढवळलेल्या सोन्याचे कण रुतून बसले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सोन्याची आत्या माझ्याच घरात राहत होती. दरवेळी रंग तिने घालवला आणि नाव झालं काळ्या भुकटीचं. बाईंची भुकटी न घातलेली नळी शेजारी असायची खरी, पण तिच्यात मी नसायचो.

प्रमुख खाली येऊन चित्र बघून गेले. लेकीने त्यांना त्या साध्या दिवसाची सगळी हकिकत सांगितली: भुकटीशिवाय गेलेला रंग, बाईंचं तळघरात येणं, आणि "याचा फोटो काढून दे". चष्मेवाल्यांनीही कबूल केलं, "मी तिथे होतो आणि मी चुकीचं बोललो." निकाल मागे घेतला गेला, घ्यायलाच हवा होता. पण कारण बदललं. कारखान्याला असं कळवलं गेलं की रंग भुकटीने नव्हे, चुंबकाच्या चऱ्यांत रुतलेल्या सोन्याने घालवला, आणि ही शंका सर्वांत आधी बाईंना स्वतःलाच आली होती. "खात्रीलायक नाहीत" हे शब्द कुठेच आले नाहीत.

आता आमच्या प्रयोगशाळेत नवा रिवाज आहे. काही न घातलेलं पाणीसुद्धा त्याच चंबूत, त्याच चुंबकाने ढवळून बघायचं. त्याला सगळे "बाईंची फेरी" म्हणतात. "बाईंची फेरी झाली का?" असं विचारल्याशिवाय कोणी कोणाचा निकाल ऐकून घेत नाही. चष्मेवाले तर एवढ्याशा सोन्यात एवढं काम होतं हे बघून वेडेच झालेत. प्लास्टिकच्या पट्टीवर मुद्दाम चरे पाडून त्यात मोजकं सोनं बसवायच्या खटपटीत असतात. पट्टी सापडते, चष्मा सापडत नाही.

मी मात्र निवृत्त झालो. सोललेल्या अंगाचा चुंबक कोणी प्रयोगात घेत नाही. पण मला कचऱ्यात टाकलं नाही. बोळातल्या त्याच कपाटावर मी एक कागद दाबून धरतो. त्या कागदावर माझ्या पापुद्र्याचं चित्र आहे: करड्या चऱ्यांत पसरलेले पांढरे, गोल, एकसारखे कण. खाली लेकीने पेनाने लिहिलं आहे, "ढवळ्या, पासपोर्टसाठी."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारख्या ओरखडे पडलेल्या वस्तू असतील. त्या फेकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. त्यांच्या अंगात काय रुतून बसलं आहे ते त्यांनाही माहीत नसतं. आणि बघून झाल्यावर जे चांगलं दिसेल ते त्याच वेळी, ज्याचं आहे त्याला सांगून टाका. तेवढ्यासाठी उद्याची वाट बघू नका. एवढंच माझं मागणं आहे.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोळ रिकामा होता. लेक डबा घेऊन बाहेर आली. हल्ली ती वेळेवर जेवते. माझ्यासमोर येऊन थांबली. पाण्याच्या यंत्रापाशी भिंतीवर फोन आहे, वरून खाली यायचा तोच. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग कागदावरच्या कणांकडे. एका कणाच्या कडेवरून तिने हळूच बोट फिरवलं, जसं पूर्वी कोणीतरी माझ्या ओरखड्यांवरून नख फिरवलं होतं.

"ठीक नाहीत, आई," ती मोठ्याने म्हणाली. "सुंदर आहेत. पहिल्यापासून सुंदरच होते."